घरी रेकॉर्डिंग करायला स्वस्तातलं सॉफ्टवेअर कोणतं? (इंदूर, भजनी मंडळ, बजेट सगळं मिळून १५ हजार)

पेटीवाली_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी पेटीतली आहे, कॉम्प्युटरमधली नाही, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर हसा पण उत्तर द्या. इंदूरला राजेंद्र नगरमधे राहते, घरी पेटी शिकवते. आमच्या सासूबाईंचं भजनी मंडळ आहे, अकरा बायका, त्यातली सगळ्यात लहान बावन्न वर्षांची. यंदा त्यांनी डोक्यात घेतलंय की आषाढीच्या आधी सहा अभंग नीट रेकॉर्ड करायचे आणि यूट्यूबवर टाकून पुण्या-मुंबईच्या सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवायची. एका स्टुडिओत विचारलं तर त्यांनी तासाचा भाव सांगितला, आणि आमच्या बायकांचा पहिला तास तर चष्मे शोधण्यातच जातो, म्हणून म्हणलं घरीच करू.

सामान काय आहे सांगते. यांचा ऑफिसचा जुना लॅपटॉप, विंडोज, ८ जीबी रॅम, मागच्या वर्षी एसएसडी टाकून घेतली. मंडळाचा एक माइक आहे, कार्यक्रमात स्पीकरला लावतात तो, मोठ्या पिनेचा, त्याला कन्व्हर्टर लावून लॅपटॉपच्या भोकात घातला तर आवाज येतो पण इतका बारीक की वाढवला की आवाजाच्या आधी खरखरच वाढते. ऑडॅसिटी म्हणून रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. पेटी आणि मुख्य आवाज रेकॉर्ड झाला, ठीक आहे. मग कानात इअरफोन घालून तोच ऐकत ऐकत मागचा आवाज भरला, भरताना मला सगळं बरोबर वाटत होतं, आणि नंतर दोन्ही एकत्र लावलं तर मी मागे! म्हणजे जणू मी स्वैपाकघरात बसून साथ करतेय. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. शिवाय कधीकधी इअरफोनमधला आवाज एकदम फोनवर बोलल्यासारखा होऊन जातो, का ते देवाला माहीत.

भाचा म्हणतो मामी ऑडॅसिटी म्हणजे खेळणं आहे, मी एफएल स्टुडिओ टाकून देतो, क्रॅक (म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरीची कॉपी) आहे माझ्याकडे. एक शिष्य म्हणतो केकवॉक घ्या फुकट आहे. शेजारचा म्हणतो मॅकबुकच घ्या, सगळा प्रश्नच मिटला (त्याला बजेट सांगितलं तर गप्प बसला). मला बीट, लूप वगैरे काही नको. पेटी, तबला, टाळ, गळे. पाच अभंग भजनी ठेक्यात आहेत आणि एक रूपकमधे. मग घेऊ काय?

---

सुदामानगर_बीट्स

एफएल घ्या ताई डोळे मिटून. आयुष्यभर अपडेट फुकट असतात, एकदा पैसे भरले की झालं, मी सहा वर्षं वापरतोय. बाकी सगळे आज आहेत उद्या नाहीत.

---

बफर_१२८

सॉफ्टवेअरचं राहू द्या जरा. ताई, इअरफोन वायरवाला आहे की ब्लूटूथ?

---

पेटीवाली_राजेंद्रनगर

गळ्यात घालायचा येतो ना तो, नेकबँड. ब्लूटूथ. का?

---

बफर_१२८

मिळाला तुमचा चोर. एक रुपया खर्च करू नका अजून, आधी हे वाचा.

ब्लूटूथ काय करतं, आवाज आधी दाबून लहान करतं, हवेतून पाठवतं, नेकबँड तो उघडून तुमच्या कानात सोडतो, आणि या सगळ्यात शंभर ते तीनशे मिलिसेकंद सहज जातात. सिनेमा बघताना कळत नाही कारण तिथे चित्रच मागे धरून ठेवतात. तुम्ही मात्र उशिरा आलेल्या पेटीवर बरोबर गाताय, म्हणून गाताना तुम्हाला सगळं लयीत वाटतं, आणि सॉफ्टवेअर बिचारं तुमचा आवाज जेव्हा आला तेव्हाचा लिहून ठेवतं. आता हिशोब करा, भजनी ठेका मिनिटाला १२० मात्रांनी चाललाय असं धरा, म्हणजे एक मात्रा अर्धा सेकंद, आणि दोनशे मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा. अर्धी मात्रा मागे गाणारा माणूस म्हणजे स्वैपाकघरातूनच गातोय की हो.

आणि तो फोनसारखा आवाज. नेकबँडमधे माइक पण असतो ना, विंडोजने तो माइक पकडला की ब्लूटूथ गाण्याच्या मोडमधून कॉलच्या मोडमधे जातं आणि वरचे सगळे सूर कापले जातात. यात ऑडॅसिटीचा काही दोष नाही आणि एफएल टाकलं असतं तरी हेच झालं असतं.

आज संध्याकाळी घरातला कुठलाही साधा वायरवाला हेडफोन लावा. तरीसुद्धा थोडा फरक राहील, तो ऑडॅसिटीच्या सेटिंगमधे लेटन्सी कॉम्पेन्सेशन (उशीर भरून काढणे) म्हणून आहे तिथे सुधारायचा. तिथे आधीपासून उणे १३० मिलिसेकंद लिहिलेलं असतं, तो अंदाजपंचे आकडा आहे, प्रत्येक लॅपटॉपला वेगळा लागतो. काढायचा असा: ऑडॅसिटीतच टकटक असा रिदम ट्रॅक तयार करा, हेडफोनची एक बाजू माइकला चिकटवून धरा, टकटक वाजवत रेकॉर्ड करा. मग मोठं करून बघा, वरच्या ट्रॅकची टक आणि खालच्या ट्रॅकची टक यात जेवढं अंतर दिसेल तेवढा तो आकडा कमीजास्त करायचा. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही टक एकाखाली एक येतात. बघताना मजा येते, सम गाठल्यासारखं वाटतं.

@सुदामानगर_बीट्स भिया, एफएलला नावं ठेवत नाही, पण ताईंना गळे रेकॉर्ड करायचेत. त्यातली सगळ्यात स्वस्त फ्रूटी एडिशन ऑडिओ रेकॉर्डच करत नाही, त्याला वरचं प्रोड्युसर लागतं आणि तिथे १५ हजारातले बरेच तिथेच संपतात. ट्रायलमधे काम सेव्ह होतं पण बंद करून परत उघडता येत नाही जोवर विकत घेत नाही, म्हणजे अकरा बायकांना एका बैठकीत सहा अभंग संपवावे लागतील.

---

सुदामानगर_बीट्स

हे फ्रूटीचं खरंय, मान्य. मी प्रोड्युसरवर आहे म्हणून लक्षातच आलं नाही. पण बीट बनवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही हे तर बोलणारच.

---

रावजीबाजारवाला

क्रॅकचं वाचलं म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथे फक्त वाचत असतो.

मी जेल रोडवरच्या एका दुकानातून कॉम्प्युटर घेतला होता, नाव घेत नाही, त्याने कौतुकाने "सगळं टाकून देतो भिया" म्हणत दोन-तीन हजार डॉलरचं सॉफ्टवेअर आणि प्लगिनं (त्याला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) क्रॅक करून टाकून दिली. टाकताना अँटिव्हायरस बंद करायला लागतो हे त्यानेच शिकवलं, तेव्हा कळायला हवं होतं. गणपतीच्या आधी एका मंडळाच्या झांकीचं (मिरवणुकीतल्या देखाव्याचं) गाणं करत होतो, दोन आठवड्यांचं काम, एके दिवशी उघडलं तर प्रोजेक्टमधली अर्धी प्लगिनं रुसलेली, आणि चार दिवसांनी सगळ्या फाइलींच्या नावापुढे काहीतरी वेगळंच शेपूट आणि एक चिठ्ठी की पैसे पाठवा. झांकी निघाली, मागे जुनंच गाणं वाजत होतं, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी त्या दिवसापासून मला ओळखच दाखवली नाही. दुकानदार म्हणाला तुम्ही काहीतरी चुकीचं दाबलं असेल. भाच्याला सांगा प्रेम असू दे, पेनड्राइव्ह नको.

---

काळी_पाच

ताई मी पण गाण्यातलीच, कॉम्प्युटर नंतर आला, म्हणून माझं मत तुम्हाला जास्त जवळचं पडेल असं वाटतं. मी गेली चार वर्षं रीपर वापरते आणि दुसरीकडे जायची गरज पडली नाही.

रीपरची गोष्ट अशी की डाउनलोड जेमतेम पंधरा-वीस एमबी आहे, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या सकाळच्या व्हिडिओएवढं, आणि ८ जीबीच्या लॅपटॉपवर पळतं. ६० दिवस सगळं पूर्ण वापरून बघता येतं, काही कापलेलं नसतं. नंतरही बंद पडत नाही, फक्त उघडताना एक पाटी येते की विकत घ्या आणि काही सेकंद थांबवते. लाज वाटेपर्यंत वापरायचं आणि मग घ्यायचं, मी तसंच केलं. लायसन्स ६० डॉलर, म्हणजे डॉलर जिथे असेल त्याप्रमाणे पाच हजारांच्या आसपास. २२५ डॉलरचं दुसरं आहे पण ते धंदेवाल्यांसाठी, तुम्ही स्वतःसाठी वापरताय किंवा यातून वर्षाची कमाई २० हजार डॉलरच्या आत आहे तर ६० वालंच लागू पडतं. (मंडळाची कमाई म्हणजे आरतीच्या ताटातले सुट्टे, त्यामुळे काळजी नसावी.) आत्ता ७ नंबरचं व्हर्जन घेतलं तर ते लायसन्स ८.९९ पर्यंत चालतं. पैसे भरताना एक होईल, कार्ड नाकारलं जाईल, घाबरू नका, आपल्याकडे कार्डावर परदेशी व्यवहार आधीपासून बंद असतो, बँकेच्या ॲपमधे जाऊन चालू करायचा आणि पैसे गेले की लगेच परत बंद करायचा.

आता आपल्या कामाचं. ही सगळी सॉफ्टवेअरं उघडली की चारचारचा ठोका लावून बसतात. भजनी ठेक्याला चालून जातं कारण आठ मात्रा. तुमच्या रूपकला मात्र सात करायला लागतील. रीपरमधे टाइम सिग्नेचर ७/४ लिहायची आणि मेट्रोनोमच्या सेटिंगमधे ठोक्यांचा पॅटर्न लिहिता येतो, ए म्हणजे जोराचा, बी म्हणजे साधा. तीन-दोन-दोन म्हणजे एबीबी एबी एबी. आता रूपकची समच खालीवर येते आणि हे यंत्र तिथेच सगळ्यात जोरात ठोकतं, माझ्या तबलजीने ऐकलं तेव्हा त्याला हसू आवरेना, पण कुठे आहोत ते कळायला पुरतं. झपतालही असाच दोन-तीन-दोन-तीन लिहिता येतो.

पण खरं सांगू का, मंडळाला तो ठोका ऐकवूच नका. बायका भजन म्हणताना शेवटच्या कडव्याला चढतात, ती चढच तर भजन आहे, तिला क्लिकवर, म्हणजे त्या यंत्राच्या ठोक्यावर, बांधलं तर शाळेची प्रार्थना होईल. मी करते ते असं: पेटी, तबला, टाळ आणि मुख्य आवाज एकत्र बसवून एका दमात घ्यायचं, जशी लय येईल तशी, आणि मग त्याच्यावर बाकीचे गळे चढवायचे. मग ठोका तुमचा तबलजीच. अमीर खाँसाहेबांच्या गावात त्यांच्या विलंबित झूमरा तालाला क्लिक लावणारा भेटला तर मला पण दाखवा.

अजून एक, एकाच ओळीवर परत परत रेकॉर्ड केलं तरी रीपर जुनं पुसत नाही, सगळे टेक एकाखाली एक राहतात, आणि मग पहिल्या टेकचा मुखडा, तिसऱ्याचा अंतरा असं निवडता येतं. अकरा बायका म्हणल्यावर हे लागणारच. सुरुवातीला मात्र दिसायला ते एखाद्या सरकारी फॉर्मसारखं दिसतं, इतकी मेनू, की पहिले दोन दिवस वैताग येईल. मला आला होता. फक्त रेकॉर्ड, कापणे, फेड (आवाज हळूहळू चढवणे-उतरवणे) आणि रेंडर (शेवटची तयार फाइल काढणे) एवढं शिका, बाकीकडे बघू पण नका.

---

फुकट_ते_पौष्टिक

पाच हजार कशाला घालवताय पण? केकवॉक. हे काही ऐरंगैरं नाही, सोनार नावाने विकलं जायचं. २०१७ मधे गिब्सनने बंद केलं, २०१८ ला सिंगापूरच्या बँडलॅबने घेतलं आणि फुकट करून टाकलं. आता परत सोनार नावाने आलंय, त्यात फुकट वालं पण आहे. ट्रॅक्शनचं वेवफॉर्म फ्री आहे, त्यात ट्रॅकची मर्यादा नाही. लिनक्स असेल तर आर्डर. एलएमएमएस कोणी सांगितलं तर घेऊ नका, सॉफ्टवेअर छान आहे पण तुमचा गळा रेकॉर्ड करत नाही.

---

काळी_पाच

@फुकट_ते_पौष्टिक केकवॉक मी पण वापरलंय, ताकदवान आहे, पण त्याची मालकी किती वेळा बदलली तुम्हीच लिहिलंत की. दर वेळी नाव, लॉगिन, ॲक्टिव्हेशन, ताईंच्या सासूबाईंचं वय बघता मला लॉगिन नसलेलं बरं वाटतं.

---

फुकट_ते_पौष्टिक

लॉगिनचा मुद्दा बरोबर. बाकी मतावर ठाम आहे.

---

विजयनगर_मॅकवाला

मॅक असता तर गॅरेजबँड फुकट मिळतं आणि पुष्कळ झालं असतं, आयफोनवर पण आहे. घरात कोणाचा आयफोन असेल तर कच्चं काम त्यात करून बघा. बास, एवढंच, तुमच्याकडे मॅक नाही हे वाचलंय मी.

---

साउंडवाले_काका

मुली, मी तीस वर्षं लग्नात, सभेत, गणपतीत साउंड लावला, आता गुडघे गेले म्हणून घरी बसून तुमचं वाचतो. सगळे सॉफ्टवेअर सांगून राहिले, कोणी माइकचं बोललं नाही.

तो कार्यक्रमाचा माइक डायनॅमिक असणार. चांगला आहे, फेकू नको. पण त्याचा आवाज इतका अशक्त निघतो की त्याला आधी वाढवायला एक चांगला प्रीॲम्प (आवाज वाढवणारं सर्किट) लागतो, लॅपटॉपच्या भोकात तसा नसतो, म्हणून तुझी खरखर. त्यासाठी यूएसबीचं ऑडिओ इंटरफेस घे, पोरं साउंड कार्ड म्हणतात तेच. पैसे जायचे असतील तर इथे जाऊ दे, सॉफ्टवेअरवर नाही. घेताना एकच बघ, माइकच्या मोठ्या तीन पिनेच्या जागा दोन हव्यात. सोलो नावाची कार्डं असतात त्यात माइकची एकच जागा असते, दुकानदार म्हणेल दोन इनपुट आहेत, दुसरं गिटारचं असतं. तुला पेटी एका माइकवर आणि गाणं दुसऱ्यावर हवं, नाहीतर नंतर पेटी कमी करायला गेलीस की गाणं पण कमी होईल. दोन यूएसबी माइक एकदम लावायच्या भानगडीत पडू नको, विंडोजवर ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

कार्डावर डायरेक्ट मॉनिटर असं बटण किंवा खटका असतो. तो लावला की तुझा आवाज लॅपटॉपमधून फिरून न येता सरळ कानात येतो, गाताना तुझाच आवाज तुला उशिरा ऐकू येत नाही. कार्डाबरोबर अ‍ॅबल्टन लाइव्ह लाइट वगैरे सॉफ्टवेअर फुकट मिळतं बऱ्याचदा, त्याचा कोड जपून ठेव, लागलं तर लागलं.

आता पेटी. माइक पेटीच्या पुढून लावतात सगळे, मग भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट गाण्यापेक्षा मोठी येते. वरून, हात-दीड हात उंच, थोडा पट्ट्यांच्या पलीकडे तिरका धर. आणि भात्याला तेल-पाणी कर आधी, चरचर एकदा रेकॉर्ड झाली की कुठल्याच सॉफ्टवेअरने जात नाही.

खोली. टाइल, काचेचं कपाट, रिकाम्या भिंती असतील तिथे करू नको, घागरीत बोलल्यासारखं येतं. ज्या खोलीत गाद्या, कपड्यांची कपाटं आहेत तिथे कर. दोन गोधड्या गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर टाक, पुढे नाही, पाठीमागे. लोक उलटं करतात. माइक ज्या दिशेला बघतो तिथली भिंत मऊ हवी.

आणि रेकॉर्डिंग चालू असताना घूं असा आवाज आला तर लॅपटॉपचं चार्जर काढून बघ. गेला तर तुझ्या त्या बोर्डाला अर्थिंग नाही. जुन्या कॉलन्यांत पुष्कळ ठिकाणी नसते, तीन भोकं दिसतात, तिसऱ्याला आत वायरच नसते.

---

बफर_१२८

काका तुम्ही आधी का नाही आलात. भरच घालतो, कार्ड आलं की कंपनीच्या साइटवरून त्याचा एसिओ ड्रायव्हर (कार्ड आणि सॉफ्टवेअर यांचं कमी उशिरात बोलणं करून देणारा) टाका. ऑडॅसिटीत तो वर्षानुवर्षं चालत नव्हता लायसन्सच्या भानगडीमुळे, रीपरमधे सरळ चालतो, आणि माझ्या मते ऑडॅसिटी सोडायचं खरं कारण हेच आहे, बाकी ते खेळणं वगैरे नाही. बफर (सॉफ्टवेअर आवाज एका वेळी किती मोठ्या तुकड्याने घेतं तो आकडा) २५६ ठेवा, ४८ हजारच्या रेटवर २५६ म्हणजे साडेपाच मिलिसेकंद सुद्धा नाही. फटफट आवाज आला तर ५१२ करा. रेकॉर्डिंग २४ बिटमधे, आणि आवाजाचा काटा सगळ्यात मोठ्या तानेला उणे बारा डेसिबलच्या आसपास राहू द्या, लाल होऊ द्यायचा नाही. हळू आलं तर नंतर वाढवता येतं, फाटलं तर फाटलं.

---

पेटीवाली_राजेंद्रनगर

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. रिपोर्ट देते.

पहिली गोष्ट, नेकबँड काढला, यांच्या जुन्या फोनबरोबर आलेला वायरवाला शोधला (देवघराच्या खणात निघाला, कापूर आणि वातींच्या शेजारी), टकटक वाली परीक्षा केली, माझ्या लॅपटॉपला आकडा उणे १३० च्या बराच पुढे निघाला. तो घातला आणि काल रात्री पहिल्यांदा मी माझ्याच पेटीबरोबर लयीत गायले. सासूबाई म्हणाल्या इतके दिवस काय करत होतीस मग. काय सांगणार.

दुसरं, दोन माइकवालं कार्ड काल आणलं आणि वायर पण घेतली. दुकानदार खरंच आधी एकच्या जागेवालं दाखवत होता, "मॅडम इनपुट तर दोनच आहेत ना" म्हणाला, मला हसू आलं, काकांचा शब्द न शब्द तोच. रीपर टाकलंय, सरकारी फॉर्मसारखंच दिसतं, पण रेकॉर्ड आणि कापणे जमलं. दुसरा माइक मंडळातल्या एका काकूंच्या जावयाकडून उसना आणला. भाच्याला क्रॅक नको म्हणून सांगितलं तर थोडा रुसला, मग त्यालाच कापाकापीचं काम दिलं, आता तोच रीपर किती भारी हे मला सांगत फिरतो.

एक प्रश्न राहिला. चार अभंगांची पेटी मी काळी पाच पट्टीत वाजवून ठेवलीय, छान झालीय. पण दोघी काकूंना तार सप्तकात जाताना त्रास होतो, त्या म्हणतात काळी चार कर. रीपरमधे सूर खाली करायचं आहे वाटतं, तसं केलं तर चालेल का? म्हणजे परत वाजवायचं वाचेल.

---

काळी_पाच

होतं, रीपरमधे बऱ्यापैकी चांगलं होतं, काळी पाच ते काळी चार म्हणजे दोनच पट्ट्या खाली. गळ्याला पाव-अर्धा सूर असेल तर करा. पण पेटीला करू नका. पेटीचा आवाज असा आहे की दोन पट्ट्या खाली ओढला की जीभ जड झाल्यासारखा येतो, आणि टाळ-तबला त्यात मिसळला असेल तर तबल्याचा चढवलेला सूर पण उतरतो, मग तबलजी रात्री फोन करतो.

तुम्ही पेटीवाल्या आहात हो. परत वाजवा! चार अभंग, काळी चारमधे, एक दुपार. ज्यांना पेटी येत नाही त्यांनी यंत्राकडून उतरवून घ्यावी.

हां, आणि तानपुरा ॲपवरचा घालणार असाल तर तो फोनच्या स्पीकरवर वाजवून माइकमधे घेऊ नका, फाइल काढून वेगळ्या ट्रॅकवर टाका आणि अगदी हळू ठेवा. तानपुऱ्यातून जो गांधार ऐकू येतो तो पेटीच्या गांधारापेक्षा १४ सेंट (एका पट्टीचे शंभर सेंट) उतरलेला असतो, बैठकीत कोणाला कळत नाही, पण हेडफोनमधे दोन्ही मोठे ठेवले की गांधारावर थरथर ऐकू येते आणि मग तुम्ही रात्रभर शोधत बसाल की कोण बेसूर आहे. कोणीच नसतं.

---

पेटीवाली_राजेंद्रनगर

बरोबर आहे, आळस करत होते. रविवारी दुपारी परत वाजवते, तबलजींना पण बोलावलंय.

---

साउंडवाले_काका

रविवारी दोन ते चार कर, तेव्हा कॉलनी झोपलेली असते, भंगारवाला पण येत नाही. पंखा बंद, आणि फ्रिज पण बंद कर, त्याची घरघर तुला आत्ता ऐकू येत नाही पण हेडफोनमधे येते. फ्रिज बंद करताना स्कूटरची किल्ली फ्रिजमधे ठेव. नाहीतर काम संपल्यावर चालू करायला विसरतेस आणि सोमवारी सगळं फेकावं लागतं. तबलजीला घरी सोडायला निघालीस की आठवण होईल.

---

पेटीवाली_राजेंद्रनगर

काका, रविवारसाठी सासूबाईंनी शनिवारीच दोन किलो श्रीखंड करून ठेवायचं म्हणलंय. किल्ली नक्की ठेवते.